शीत त्याच भांड्यातलं हवं

काही वर्षांपूर्वी प्रोग्रॅमरच्या नोकरीसाठी घेतलेल्या एका मुलाखतीनंतर मी उमेदवाराबद्दल शेरा लिहिला होता: 'किरकोळ गोष्टीत अडकतो. वेग कमी.'

प्रश्न साधा होता. चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या यादीतून एक आकडा शोधायचा, तोही बायनरी सर्चने. म्हणजे यादीच्या मधल्या आकड्याकडे बघायचं, हवा तो आकडा त्याहून लहान असेल तर डावी अर्धी यादी घ्यायची, मोठा असेल तर उजवी, आणि सापडेपर्यंत हेच करत राहायचं. ४५ मिनिटांच्या राउंडमध्ये हा पहिल्या दहा मिनिटांचा प्रश्न असतो, खरा प्रश्न त्याच्यानंतर येतो. हा उमेदवार मात्र मधली जागा काढण्याच्या ओळीवर थांबला. यादीच्या दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज भागिले दोन, एवढीच ती ओळ. ती लिहून त्याने मार्कर खाली ठेवला आणि विचारलं, "यादी किती मोठी असू शकते?" मी म्हटलं, कितीही. तो पुन्हा त्या ओळीकडे बघत राहिला आणि मी घड्याळाकडे. शेवटी मीच म्हणालो, "ते राहू दे, पुढे चला."

त्याला आम्ही घेतलं नाही.

ती ओळ चुकीची असते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दोन्ही क्रमांक फार मोठे असले की त्यांची बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे आकडा ठेवायला संगणकात असलेल्या ठराविक जागेत, मावत नाही, ती उलटून ऋण होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. त्यासाठी यादीत सुमारे १०७ कोटी घटक असावे लागतात, म्हणून ही चूक सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. जावा भाषेच्या प्रमाण लायब्ररीत जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये ती सुमारे नऊ वर्षं पडून होती. २००६ साली त्यांनी स्वतःच ते जाहीरपणे सांगितलं, आणि हेही सांगितलं की 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकाचे लेखक जॉन बेंटली यांनी ज्या प्रोग्रॅमची अचूकता सिद्ध करून दाखवली होती त्यातही हीच चूक होती. बेंटलींचा अनुभव तर आणखी बोलका आहे. बेल लॅब्स आणि आयबीएममधल्या अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांनी बायनरी सर्च लिहायला दिला, दोन-एक तास दिले, आणि ९० टक्के जणांना आपापल्या प्रोग्रॅममध्ये चुका सापडल्या. पहिला बायनरी सर्च छापून आला १९४६ साली. सगळ्या लांबीच्या याद्यांवर नीट चालणारा छापून यायला १९६० उजाडलं. आम्ही त्यासाठी दहा मिनिटं ठेवली होती.

प्रश्न फार अवघड होता अशी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या शेऱ्याबद्दल. ज्या कामासाठी आम्ही माणूस शोधत होतो त्या कामात 'यादी किती मोठी असू शकते' असं विचारणारा माणूस दिवा लावून शोधावा लागतो. तो समोर येऊन उभा राहिला आणि आमच्या मोजपट्टीवर मंद ठरला. शितावरून भाताची परीक्षा करावी हे मला मान्य आहे. सगळा भात चिवडून बघायला वेळ कुणाला असतो? पण शीत त्याच भांड्यातलं हवं. तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये गेली कित्येक वर्षं मुलाखतीचं भांडं एक आहे आणि कामाचं भांडं दुसरंच.

काम कसं असतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्ही दिवसभर कोड लिहितो. लिहितो, पण त्याहून कितीतरी जास्त वेळ वाचतो. तो कोड दुसऱ्याने लिहिलेला असतो, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो, एका जागी 'हे तात्पुरतं आहे' अशी सहा वर्षांपूर्वीची टीप असते, आणि तेवढा भाग काढला तर काय काय बंद पडेल हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. नव्या माणसाचे पहिले काही महिने याच भुयारात चाचपडण्यात जातात. त्यात टिकतो तो विचारणारा. हे असं का आहे, ते कोण वापरतं, ही सोय खरंच कुणी मागितली होती का. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत चांगल्या इंजिनिअरने एका वर्षात जेवढा कोड लिहिला त्याच्या दुप्पट काढून टाकला होता, आणि कंपनीला त्याचा फायदा लिहिलेल्यापेक्षा काढलेल्या कोडमुळे जास्त झाला.

मग कोड रिव्ह्यू. तुमच्या चाळीस ओळींच्या बदलावर सहकाऱ्याने अकरा शंका काढलेल्या असतात. त्यातल्या तीन खऱ्या, सहा निव्वळ आवडीनिवडीच्या, आणि उरलेल्या दोन समजून घेण्यातच दुपार जाते. कुठे मान्य करायचं, कुठे अडून बसायचं आणि कुठे 'हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं' म्हणून मोकळं व्हायचं, हे ज्याला जमतं त्याच्याबरोबर काम करायला सगळ्यांना आवडतं.

आणि ऑन-कॉलची रात्र. आठवडाभर तुमची पाळी असते. रात्री तीनला फोन वाजतो, सेवा बंद पडलेली असते. तेव्हा आलेख उघडून नेमकं कधी बिनसलं ते बघायचं, त्या सुमाराला प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या प्रणालीवर, कुठला बदल गेला ते शोधायचं, तो मागे घ्यायचा, सेवा चालू झाली की झोपायचं. असं का झालं हे सकाळी. ऐकायला सोपं वाटतं, पण भले भले हुशार लोक इथे घसरतात, कारण त्यांना कोडं अर्धवट सोडवत नाही. सगळं बंद असताना ते मूळ कारणाच्या मागे लागतात. मुलाखतीत याच स्वभावाला आपण पैकीच्या पैकी गुण दिलेले असतात.

लेखनाचंही तेच. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट हद्दपार करून लेखी टिपणं आणली. सहा पानांचं टिपण सगळ्यांनी आधी गप्प बसून वाचायचं, मग बोलायचं. इतरत्र एवढा कडकपणा नसला तरी मोठं काम हातात घेण्याआधी ते कसं करायचं याचं टिपण, म्हणजे डिझाइन डॉक्युमेंट, लिहावंच लागतं, आणि ते धड लिहिता न आल्याने चांगल्या कल्पना मेलेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही 'एक पानभर सरळ लिहून दाखव' असं मला आजवर एकाही मुलाखतीत कुणी म्हटलेलं नाही.

गूगलने २०१२च्या सुमाराला स्वतःच्याच १८० टीमचा अभ्यास सुरू केला, प्रोजेक्ट अरिस्टॉटल नावाने. काही टीम चांगलं काम का करतात, हे शोधायचं होतं. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त महत्त्व निघालं, आणि सगळ्यांत वर आली ती एक साधी गोष्ट: मला कळलं नाही किंवा माझं चुकलं, असं म्हणण्याची भीती न वाटणं. आता व्हाइटबोर्डसमोर उभ्या असलेल्या उमेदवाराला 'मला कळलं नाही' म्हणून बघायला सांगा.

हे वाचून कुणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. तर मी अशा मुलाखती पास झालो आहे, नापासही झालो आहे, आणि दोन्ही वेळा मी तोच माणूस होतो. पण बचावाची बाजू लंगडी नाही, ती नीट मांडली पाहिजे. १ ते १०० आकडे छाप, ३ने भाग गेला तर 'फिझ', ५ने गेला तर 'बझ', दोन्हींनी गेला तर 'फिझबझ' छाप, हा प्रश्न २००७ सालापासून या व्यवसायात प्रसिद्ध आहे तो एवढ्याचसाठी की प्रोग्रॅमर म्हणून अर्ज केलेल्या बऱ्याच जणांना तोही सुटत नाही. तेव्हा उमेदवाराला कोड लिहायला लावणं गरजेचं आहे. दुसरं असं की फळ्यावरचा प्रश्न तुमची पदवी विचारत नाही. नावाजलेल्या संस्थेत न शिकलेल्या कित्येकांना या दारानेच आत घेतलं. त्याआधीची पद्धत काय होती? मायक्रोसॉफ्टच्या काळातली कोडी, गटाराची झाकणं गोल का असतात वगैरे. त्या कोड्यांतून काहीच कळत नाही, मुलाखत घेणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं एवढंच, अशी कबुली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली दिली. त्या मानाने बायनरी सर्च किती तरी बरा.

बरा आहे, पण या पद्धतीच्या तळाशी एक हिशेब आहे आणि माझा आक्षेप त्यावर आहे. चुकीचा एक आत येण्यापेक्षा चांगले दहा बाहेर राहिलेले परवडले, असा तो हिशेब. ज्या कंपनीच्या दाराशी लाखो अर्ज येतात तिला तो परवडतोही. गंमत अशी की आत आलेला चुकीचा माणूस सगळ्यांना दिसतो, बाहेर राहिलेला चांगला माणूस कुणालाच दिसत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकारची चूक कुठल्याच तक्त्यात नोंदली जात नाही, आणि जी नोंदली जात नाही ती कधी सुधारतही नाही. ब्रायन अॅक्टन यांना २००९ साली फेसबुकने नाकारलं. २०१४ साली त्यांचं व्हॉट्सअॅप १९ अब्ज डॉलरना घेण्याचा सौदा त्याच फेसबुकने जाहीर केला. मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्याचं होमब्रू हे साधन लिहिणारे मॅक्स हॉवेल यांनी २०१५ साली वैतागून जाहीर केलं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (फांद्यांसारखी केलेली माहितीची मांडणी) उलटा करता आला नाही म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. ही दोन नावं सगळेच सांगतात. मला ती सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ही माणसं नाकारली गेली तरी मोठी झाली, म्हणून आपल्याला माहीत आहेत. माझ्या शेऱ्यातल्या त्या उमेदवाराचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

वर आणखी, हा हिशेब ज्यांना परवडत नाही त्यांनीही तो उचलला. चाळीस माणसांची कंपनी, महिन्याला वीस धड अर्ज, आणि सहा राउंड. वडाची साल पिंपळाला लावण्याचा प्रकार. एका ठिकाणी तर पाचव्या राउंडनंतर मला कळवण्यात आलं की ती जागा तूर्त भरायची नाही असं ठरलं आहे. ठरलं कधी होतं, विचारलं. तिसऱ्या राउंडच्या आधी.

या साऱ्याचा खर्च उमेदवार सोसतो. मुलाखतीच्या सरावासाठी असलेल्या लीटकोड या वेबसाइटवरचे शेकडो प्रश्न सोडवायचे म्हणजे नोकरी सांभाळून रोजचे दोन-तीन तास, काही महिने. ज्याच्यावर घरच्या कुणाची जबाबदारी नाही, ज्याला संध्याकाळ मोकळी मिळते, त्याला ते जमतं. लहान मूल असलेल्या आईला किंवा आजारी वडिलांचं करणाऱ्या मुलाला तेवढेच तास कुठून काढायचे? पदवी न विचारणारा फळा रिकामा वेळ मात्र न विचारता मोजतो. फळ्यासमोरचा ताण वेगळाच. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्यांनी कुणीतरी बघत असताना बोलत बोलत प्रश्न सोडवला, अर्ध्यांनी खोलीत एकट्याने. बघणाऱ्यासमोर कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. बघणाऱ्यासमोर सोडवणाऱ्या सगळ्या मुली नापास झाल्या, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या पास. आकडा लहान आहे, एवढ्याशा सुतावरून स्वर्ग गाठू नये. पण आपण ज्याला कोडिंगची परीक्षा म्हणतो ती किती अंशी चारचौघांसमोर न डगमगण्याची परीक्षा असते, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

मग कशाने कळतं, हे माणूस निवडण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या शोधत आले आहेत. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं. पुढच्या कामगिरीशी सर्वांत जवळचा संबंध निघाला तो प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याचा, ०.५४ (१ म्हणजे तंतोतंत मेळ, ० म्हणजे काहीच संबंध नाही). आधी ठरवलेले प्रश्न आणि गुण देण्याची आधी ठरवलेली रीत असलेली मुलाखत ०.५१, आणि अघळपघळ गप्पांची मुलाखत ०.३८. हे आकडे मी अनेक वर्षं सहकाऱ्यांच्या तोंडावर फेकत असे. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच हिशेब नव्याने तपासला आणि बहुतेक आकडे खाली आले. कामाचा नमुना ०.३३वर घसरला, रीतसर मुलाखत ०.४२वर येऊन पहिली ठरली, गप्पांची ०.१९वर गेली. म्हणजे माझ्या लाडक्या उपायालाही कात्री लागली. तरी मला वाटतं, त्यातून आमच्यासाठी एक गोष्ट उरते: 'भेटल्यावर कळतं मला माणूस' असं म्हणणाऱ्या मॅनेजरवर सर्वांत कमी विश्वास ठेवावा.

हा मॅनेजर निवडीच्या बैठकीत ओळखता येतो. तो पहिला बोलतो. 'मला नाही वाटत जमेल' असं त्याने म्हटलं की टेबलाभोवतीच्या बाकीच्यांचे शेरे हळूहळू मऊ होत जातात. ज्याने आदल्या संध्याकाळी 'घ्यावा' असं लिहिलेलं असतं तो 'तसे थोडे प्रश्न मलाही होते' म्हणू लागतो. कल्चर फिट हा शब्द इथेच कानावर पडतो, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा आपल्यासारखा दिसणारा-बोलणारा असाच निघतो. माणसाच्या लहरीवर उपाय म्हणून यंत्राकडे जावं, तर तेही आपल्याचकडून शिकलेलं. अॅमेझॉनने २०१४पासून अर्ज चाळण्यासाठी एक प्रणाली घडवायला घेतली होती. दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवरून शिकून ती बायकांचे अर्ज खाली ढकलू लागली आणि तिचा गाशा गुंडाळावा लागला, हे २०१८ साली रॉयटर्सने उघड केलं.

आता तर फळ्याचा प्रश्न एआय दोन सेकंदांत सोडवतो. ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराची नजर पडद्याच्या कोपऱ्यात जाते आणि चार सेकंदांनी निर्दोष उत्तर येतं, हे मी पाहिलेलं आहे. कंपन्यांची पहिली प्रतिक्रिया पहारा वाढवण्याची. कुणी कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगतं, कुणी पुन्हा समोरासमोर बसवतं. २०२५ साली सुंदर पिचाई यांनी गूगलमध्येही निदान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवण्याची गोष्ट केली. भेटावं, जरूर भेटावं. पण भेटून पुन्हा तोच बायनरी ट्री उलटा करायला सांगणार असू तर पहिले पाढे पंचावन्न. रोजच्या कामात जे साधन वापरा म्हणून कंपनी मागे लागते, तेच मुलाखतीत वापरलं की चोरी, हे नव्या उमेदवाराला कोणत्या तोंडाने समजावणार?

आणि ज्या दारातून माणसं आत येतात त्याच्या सवयी आतही राहतात. स्पर्धेतून निवडलेल्यांना आत स्पर्धेतच ठेवायचं म्हणून मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रम देण्याची पद्धत होती, टीम कितीही चांगली असली तरी कुणीतरी तळाशी हवंच. ती २०१३ साली मोडीत निघाली, पण तिचे भाऊबंद अजून अनेक ठिकाणी नांदतात. निघतानाचं दार तर बघवत नाही. जानेवारी २०२३मध्ये गूगलने १२,००० जागा कमी केल्या तेव्हा कित्येकांना ईमेलवरून कळलं, काहींना लॅपटॉप उघडेना तेव्हा. आत यायला पाच मुलाखती, निवड समिती, महिनाभर वाट पाहणं, आणि बाहेर जायला एक पत्र. कंपन्या काटकसर करणारच, पण माणूस पारखण्यासाठी एवढा खटाटोप केला असेल तर त्याला काढताना त्या पारखीची आठवण कुणालाच कशी होत नाही?

आमच्या टीमने गेल्या दोन वर्षांत जे बदललं ते फार थोर नाही. दीड तासाची एकच फेरी. समोर आमच्याच एका जुन्या सेवेची साफसूफ केलेली फाइल, सुमारे तीनशे ओळींची, तिच्यात काही चुका, आणि वापरणाऱ्यांकडून आलेली एक खरी तक्रार. उमेदवाराने ती वाचायची, आम्हाला हवं ते विचारायचं, इंटरनेट आणि एआय दोन्ही खुलं. पहिली वीस मिनिटं आम्ही खोलीबाहेर थांबतो. शेवटी तक्रार करणाऱ्याला चार ओळींचं उत्तर लिहायचं. गुण कशाला द्यायचे ते आधी कागदावर ठरलेलं, आणि प्रत्येकाने आपले गुण बैठकीआधी नोंदवायचे. नाही म्हणायचं तर आठवड्याच्या आत, कारणासह. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकसारख्या कंपनीत उमेदवाराला पैसे देऊन काही आठवडे प्रत्यक्ष काम करून बघतात. ते मला आवडतं, पण हातात नोकरी असलेल्याला ते जड जातं, म्हणून आम्ही त्या वाटेने गेलो नाही.

याला विरोध आहे, आणि तो मूर्ख लोकांचा नाही. एक सहकारी म्हणतो, फाइल फुटेल, सहा महिन्यांत उत्तरं बाहेर मिळतील. खरं आहे, ती वर्षातून दोनदा बदलावी लागते आणि ते काम कुणालाच नको असतं. दुसरी म्हणते, हजार अर्ज आले तर दीड तास कुठून आणणार? तिला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही; तूर्त पंधरा मिनिटांची फिझबझच्या तोडीची चाळणी आम्ही ठेवली आहे, आणि त्या चाळणीतून कोण गळतं हे आम्हालाही दिसत नाहीच.

सध्याच्या फाइलमध्ये दोन टोकांची बेरीज भागिले दोन अशी एक ओळ आहे. ती मीच घातली. तिच्यासाठी गुण नाहीत. आतापर्यंत दोघांनी तिच्याकडे बोट दाखवलं, त्यातल्या एकीने एआयला विचारून. तिला गुण द्यायचे की नाही यावर आमचा अर्धा तास गेला, आणि शेवटी प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला.